पाचट, किण्व आणि व्यापाऱ्याची वही

उसाची तोडणी आटोपली की चिक्कोडी, रायबाग, अथणी या बाजूच्या शिवारांतून सायंकाळी धुराचे लोट उठू लागतात. ऊस कारखान्यास गेला, वाढे गुरांच्या दावणीस गेले आणि उरलेल्या पाचटास काडी लावून रान मोकळे केले, असा हा रिवाज आहे. त्या आगीत जमिनीवरील असंख्य जीव होरपळतात, ही गोष्ट आपल्या मनास लागणारी आहेच. परंतु आज केवळ जमाखर्चापुरतेच बोलावयाचे आहे. जे जळते त्यात साखर असते, आणि त्या साखरेचे इंधन करण्याची विद्या मनुष्याच्या हाती बरीचशी आली आहे. मग ते जळतेच का, हा प्रश्न व्यापारी म्हणविणाऱ्याने स्वतःस विचारावयास नको काय?

कोणतीही वाळलेली काडी घ्या. तिचा बहुतेक भाग सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचा असतो. पहिली दोन म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या. तिसरे त्यांस घट्ट धरून ठेवणारे चिवट लुकण. सेल्युलोज तोडले की ग्लुकोज मिळते, आणि ग्लुकोज दिसले की किण्व, ज्यास आपण यीस्ट म्हणतो, ते आनंदाने कामास लागते. एक किलो ग्लुकोजपासून फार तर अर्ध्या किलोहून किंचित अधिक मद्यार्क निघतो. उरलेले कर्बद्विप्राणिल वायूच्या रूपाने निघून जाते. परंतु हेमिसेल्युलोजमधून मुख्यत्वे झायलोज नावाची साखर निघते, आणि हा चोखंदळ कामगार तिला तोंड लावीत नाही. म्हणजे रुपयातील चार-पाच आणे कोणीही न उचलता पडून राहावयाचे. असा धंदा कोणास परवडेल?

ही अडचण ज्यांनी प्रथम फोडली त्यांत अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी हो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९९३ साली त्यांनी झायलोज पचविणारे गुणसूत्रांश किण्वात बसवून दाखविले. मार्ग दुसऱ्या एका किण्वाकडून उसना आणलेला होता, आणि उसनवारीत नेहमी होते तसेच येथेही काही हिशेब जुळेना. बरीचशी साखर मद्यार्काऐवजी झायलिटॉल होऊन अर्ध्या वाटेवरच थांबे. २००३ साली हॉलंडातील डेल्फ्ट येथील संशोधकांनी निराळी वाट धरली. पिरोमायसेस नावाची एक बुरशी हत्तीच्या लिदीत सापडली होती. हत्ती इतका पालापाचोळा खातो, तर तो पचविणारी विद्या त्याच्या पोटात कोणाजवळ तरी असलीच पाहिजे, हे उघड होय. त्या बुरशीचे एकच विकर किण्वात घातले आणि झायलोजचा मार्ग सरळ झाला.

पुढची अडचण अशी की समोर ग्लुकोज असताना झायलोज आत घेण्याचे काम मागे पडते. पंगतीत श्रीखंड असेपर्यंत भाकरीकडे कोण पाहतो? २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मंडळींनी न्यूरोस्पोरा बुरशीची द्वारपाल प्रथिने किण्वाच्या कातडीत बसविली, तेव्हा ग्लुकोजचे लहान तुकडे न सोडविताच आत नेता येऊ लागले. ग्लुकोज बाहेर मोकळे झालेच नाही. आणि पुढील वर्षी इलिनॉय येथील सहकाऱ्यांसह त्यांनी दाखविले की अशा किण्वाकडून दोन्ही साखरा एकाच वेळी आंबतात. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे, तथापि अडचणीस वळसा घालण्याची ही युक्ती त्यास फार आवडली.

तरीही एक मोठा खर्च उरतो. सेल्युलोजच्या साखळ्या तोडण्यास विकरे लागतात, आणि ती विकत घ्यावी लागतात. ती पुरविणाऱ्या ट्रायकोडर्मा या बुरशीची ओळख दुसऱ्या महायुद्धात पटली. सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू कुजू लागले, आणि कोण कुजविते याचा शोध घेताना ही सापडली. तंबू खाणारी शत्रू पुढे कारखान्यांची अन्नदात्री झाली! तेव्हा डार्टमथ येथील ली लिंड यांच्यासारख्यांनी असे मांडले की विकरे करणे, साखळ्या तोडणे आणि आंबविणे ही सर्व कामे एकाच जिवाकडून एकाच पिंपात करून घ्यावीत. त्या विचारातून मॅस्कोमा कंपनी निघाली. परंतु तिच्या किण्वास पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते काडाचे नव्हे, मक्याच्या दाण्याचे. कारण पिष्ट तोडणे काष्ठ तोडण्याहून कितीतरी सोपे. पेरले काडासाठी आणि उगवले कणसात! आपल्या देशानेही पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले ते मुख्यतः ऊस आणि धान्य यांच्या जोरावर. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने एकाएकी निर्बंध घातले, हे या भागातील कारखानदार विसरलेले नाहीत. ताटातील अन्नावर चालणाऱ्या इंधनास अशी भीती कायमचीच. काडाच्या इंधनाचे मोल येथे कळते.

असे असता काडाचे कारखाने चालले का नाहीत? आयोवातील एमेट्सबर्गचा कारखाना २०१४ साली सुरू होऊन २०१९ साली थांबला. त्याच राज्यात नेवाडा गावी ड्यूपॉन्टने २०१५ साली उघडलेला दोनच वर्षांत बंद करण्यात आला. रोमानियातील पोडारीच्या कारखान्यास २०२३ च्या अखेरीस टाळे लागले. प्रत्येकाची कारणे वेगळी. परंतु माझ्या मते समान सूत्र हे की ज्या काळजीने किण्व घडविले गेले, त्या काळजीने काड खरेदी करण्याची रीत घडविली गेली नाही. काड हा माल आहे, आणि मालास प्रत असते. त्यात माती येते, खडे येतात. भाताच्या पेंढ्यात वाळूसारखी सिलिका असते, ती यंत्रे झिजविते.

येथे स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. एका वर्षी स्वस्त मिळाला म्हणून मृगाच्या तोंडावर जोंधळ्याचा कडबा घेऊन मी वखारीमागे गंज रचली. पेंढ्या किंचित ओल्या होत्या, चालेल म्हटले. तीन आठवड्यांनी गंजीच्या पोटात हात घातला तो चटका बसला. आतील कडबा काळा पडला होता आणि वजनात मोठी तूट आली होती. आज कळते की शास्त्रज्ञ किण्वास जे शिकवीत आहेत तेच काम बुरशीने माझ्या गंजीत चोख केले होते. फरक इतकाच की मद्यार्काचा थेंबही माझ्या हाती पडला नाही. ऊसतोडणी चार-पाच महिन्यांची, कारखाना बारा महिन्यांचा. मधल्या काळात माल कोरडा कोण राखणार? प्रयोगशाळेत याचे उत्तर नाही, वखारीत आहे.

पानिपत येथे इंडियन ऑइलने २०२२ साली उघडलेल्या कारखान्याची घोषित योजना वर्षास २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याची होती. त्याची तंत्रविद्या पुण्याच्या प्राज कंपनीची. म्हणजे टनास सुमारे १५० लिटर. आता हिशेब करा: गोळा करणे, बांधणे, हमाली, गाडीभाडे, वखारभाडे आणि घट हे सारे त्या १५० लिटरांतूनच वसूल व्हावयाचे. ब्राझीलमध्ये राइझेन कंपनीने २०२४ साली गुआरिबा येथे आपला दुसरा असा कारखाना उघडला तो चिपाडावर. आणि चिपाड गिरणीच्या दारात आपोआपच जमते. आपल्याकडे मात्र तेच चिपाड बाष्पकात जळून वाफ आणि वीज देते. त्यास टाकाऊ म्हणणारा वही न वाचताच बोलतो.

कडब्याविषयी तर मी स्पष्ट विरोधी आहे. पंजाबात पेंढा जळतो म्हणून येथील कडबाही उचलावा, असे कोणी म्हणेल तर त्याने दुष्काळाच्या वर्षी गुरांच्या छावणीवर एक दिवस काढावा. पाचटाची गोष्ट निराळी. तेही सगळे उचलू नये. काही भाग रानात आच्छादन म्हणून राहिला तर ओल टिकते. पण जे नाहीतरी जळणारच आहे, ते घेण्यास काय हरकत? मद्यार्काच्या धंद्यापासून आपला समाज परंपरेने दूर राहिला, आणि ते योग्यच झाले. परंतु मोटारीच्या टाकीत जाणाऱ्या मद्यार्कास तो संकोच लावण्याचे कारण मला दिसत नाही.

संघाने यात भांडवल घालण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. आधी एका हंगामापुरते पाच-सहा गावांचे पाचट घेऊन पाहावे: सुक्या वजनावर भाव, मातीची वेगळी तूट, दोन उंच ओट्यांवर छपराखाली थप्पी, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तोलाई. ते आकडे हाती असल्यावाचून कोणत्याही कारखानदाराशी करार करू नये. आणि करार होईल तेव्हा ओलाव्याची कसोटी शेताच्या बांधावर घ्यावयाची की कारखान्याच्या फाटकावर, हे कलम प्रथम लिहून घ्यावे. नाहीतर वाटेतील पावसाचा भुर्दंड शेतकऱ्याच्या तरी माथी बसेल, नाहीतर आपल्या.