परिचारकाची मर्यादा

दोंडाईच्यासारख्या बाजारपेठेच्या गावी रुग्ण सहसा एकटा येत नाही. खेड्यावरून आलेल्या सुनेसोबत सासू, दीर, कधी माहेरची माणसेही असतात. नाडी सुनेची आणि लक्षणे सांगते सासू! यामागे माया असते हे मान्य. परंतु त्यामुळे चिकित्सेचा एक पाद लंगडा होतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ आहे. आपली व्यथा त्यानेच सांगावयाची आहे. परिचारकाचा ‘अनुराग’ हा चारांपैकी एकच गुण. उपचारज्ञता, दाक्ष्य व शौचही तितकेच आवश्यक.

मानसविकारांत ही मर्यादा अधिकच महत्त्वाची. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापक असलेले कै. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी वर्षानुवर्षे सामना केला. त्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तेथे रुग्णास ‘शुभार्थी’ व काळजीवाहकास ‘शुभंकर’ म्हणतात. दोन नावे म्हणजे दोन भूमिका. त्यांच्याच पुढाकाराने २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ चित्रपटातील बहीण आजारी भाऊ व स्वतःचा संसार यांत कशी ओढली जाते, हे अनेकांना स्मरत असेल. शुभंकरालाही विसावा हवा, हे आपणच सांगावयास हवे.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. नवऱ्याच्या चहात गुपचूप घालण्यासाठी दारू सोडविण्याची गोळी मागितली जाते. त्या माउलीची अगतिकता खरी आहे. पण डायसल्फिराम नकळत पोटात गेले आणि वर मद्य घेतले, तर रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकते. अशा वेळी गोळी न देता तिला योग्य ठिकाणी पाठवावे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. पतीचे व्यसन ही आपली चूक नव्हे, हे तेथे तिला उमजते.

‘आपल्याकडे हे चालणार नाही’, असे काही व्यवसायबंधू म्हणतील. नातेवाइकांना दुखविण्याचे मात्र कारण नाही. पहिली पाच मिनिटे रुग्णाशीच बोलावे. स्त्रीरुग्ण असल्यास सोबतीण नजरेच्या टप्प्यात, पण ऐकू न येईल अशी बसवावी. औषध-पथ्याची जबाबदारी रुग्णाच्या संमतीने एकाच व्यक्तीवर सोपवावी. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले दाराबाहेर जाऊ देऊ नये.

कुटुंब हे खानदेशी रुग्णाचे मोठे बळ आहे. प्रत्येकाचे स्थान आखून दिले, तरच ते बळ औषधाच्या कामी येईल. व्यवसायबंधू-भगिनींनी याचा अवश्य विचार करावा.