रखमाबाईंचा नकार आणि आमचें नववें कलम

डॉ. रखमाबाईंचे गोडवे गाणें आतां फार सोपें झालें आहे. त्यांच्यावर व्याख्यानें होतात, पाश्चात्य वैद्यक शिकून प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पहिल्या कांहीं भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते, सुरत व राजकोट येथील त्यांच्या दीर्घ सेवेचा गौरव होतो, आणि श्रोते समाधानानें घरीं जातात. ही बाई ज्या गोष्टीसाठीं तुरुंगांत जावयास सिद्ध झाली होती, तिचें पुढें काय झालें हें मात्र कोणी विचारीत नाहीं. विचारल्यास उत्तर अडचणीचें आहे. ज्या प्रकारच्या हुकुमापुढें मान तुकविण्याचें त्यांनीं नाकारलें, तसा हुकूम देण्याचा अधिकार आमच्या न्यायालयांस आजहि आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें नववें कलम उघडावें, म्हणजे तो दिसेल. हें कलम ज्यांना धर्मसंमत व संसाररक्षक वाटतें, त्यांच्याशींच प्रस्तुत लेखकाचा वाद आहे.

खटल्याची हकीकत थोडक्यांत अशी. वयाच्या अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें. परंतु त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरींच राहिल्या. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. तो चालू असतांनाच, १८८५ सालीं, 'एक हिंदु स्त्री' या सहीनें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर त्यांनीं 'टाइम्स ऑफ इंडिया'ला पत्रें लिहिलीं. त्याच वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. नकळत्या वयांत लग्न लागलेल्या तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध नावडत्या पुरुषाच्या हवालीं करणें हें त्यांस क्रौर्य वाटलें. अपिलांत हा निकाल टिकला नाहीं. खटला फिरून चालला आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं सांगितलें कीं, पतीकडे जा, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. बावीस वर्षांच्या रखमाबाईंचें उत्तर होतें कीं, त्यापेक्षां कैद बरी! राणी व्हिक्टोरियानें हा विवाह रद्द केला अशी एक गोड दंतकथा वारंवार छापून येते. तिला आधार नाहीं. १८८८ च्या जुलैंत दादाजींनीं दोन हजार रुपये घेतले व हुकुमाची बजावणी सोडून दिली. तुरुंग टळला तो न्यायानें नव्हे, रोकड मोजून.

त्या वेळीं 'धर्म बुडाला' अशी हाकाटी झाली. 'केसरी'नें पिन्हे यांच्या निकालावर कडक टीका केली. टिळकांविषयीं पूर्ण आदर ठेवूनहि विचारावेंसें वाटतें कीं, बुडाला तो कोणाचा धर्म? पत्नीनें पतीजवळ राहावें असा उपदेश आमच्या स्मृतींत विपुल आहे; पण उपदेश निराळा आणि कोर्टाचा बेलीफ निराळा. नांदावयास येण्याचा दावा हा मूळचा इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांचा. हिंदुधर्मशास्त्रांत त्याचें मूळ नाहीं, हें पिन्हे यांनींच दाखवून दिलें होतें. १८६७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यांत त्यास मान्यता दिली, आणि तेव्हांपासून तो येथें रुजला. मौज अशी कीं, खुद्द इंग्लंडनें १८८४ सालीं या हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद काढून टाकली. मुंबईंत तिचाच धाक रखमाबाईंस तीन वर्षांनंतर दाखविण्यांत आला. १९७० सालीं तर इंग्लंडनें हा दावाच मोडीत काढला. म्हणजे परक्या पाद्र्यांनीं शिवलेला आणि त्यांच्या देशानेंहि फेंकून दिलेला हा झगा आम्ही सनातन वस्त्र म्हणून अंगावर मिरवीत आहों!

आमच्याकडे कैदेची शिक्षा १९२३ सालीं गेली. मालमत्ता जप्त करण्याची तरतूद राहिली. स्वतंत्र भारतानें विवाहाचा नवा कायदा केला तेव्हां तरी ही अडगळ बाहेर टाकावयाची होती. तसें झालें नाहीं. १८ मे १९५५ रोजीं तो कायदा अंमलांत आला आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजीं रखमाबाई वारल्या. आपला जुना प्रतिपक्षी नव्या कायद्यांत सुखरूप बसलेला असतांनाच त्यांनीं डोळे मिटले.

१९८३ सालीं आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ति चौधरी यांनीं हें कलम घटनाबाह्य ठरविलें. त्याच वर्षीं दिल्ली हायकोर्टानें उलट मत दिलें कीं, घरगुती संसारांत घटनेचे नियम आणणें म्हणजे काचसामानाच्या दुकानांत बैल सोडणें होय. उपमा चटकदार खरी. पण येथें बैल कोणता? ज्या स्त्रीला जावयाचें नाहीं, तिला सरकारी शिक्क्याचा कागद दाखवून 'जा' म्हणणारें कलम, कीं तिच्या शरीरावर तिचाच अधिकार मानणारी घटना? सर्वोच्च न्यायालयानेंहि १९८४ सालीं कलम उचलून धरलें, तें विवाह मोडण्यापासून वांचविण्यास उपयोगी पडतें या समजुतीवर. जप्तीच्या भयानें घरांत आलेलें माणूस संसार कसा वांचवितें, हें संसारी वाचकांनींच ठरवावें.

कोणी म्हणतील, कलम दोघांसहि सारखेंच लागू आहे. पत्नीहि दावा लावूं शकते. अक्षरांपुरतें हें खरें. परंतु हुकुमानें घरीं परतलेल्या पुरुषास गर्भ राहत नाहीं. न्यायमूर्ति चौधरी यांनीं नेमकें येथेंच बोट ठेविलें होतें, आणि त्याचें समर्पक उत्तर प्रस्तुत लेखकाच्या तरी वाचनांत आलेलें नाहीं. दुसरे म्हणतील, हुकूम वर्षभर पाळला गेला नाहीं तर घटस्फोट मागतां येतो, म्हणून कलम हवें. वाहवा! लग्न जोडण्याचें म्हणून जें साधन मिरविलें जातें, त्याची थोरवी शेवटीं काय, तर तें लग्न मोडण्यास उपयोगी आहे! त्यांतून पोटगीचें प्रकरण निराळेंच. न नांदणाऱ्या पत्नीविरुद्ध असा हुकूम मिळाला, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाहीं, असें जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें. हें सांगण्याची पाळी यावी, यावरून कलमाचा उपयोग कोण कशासाठीं करूं पाहतात तें कळतें.

विधि आयोगानें २०१८ च्या आपल्या विचारपत्रांत हें कलम काढून टाकण्यास अनुकूल मत दिलें. २०१९ सालीं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत याचिकाहि दाखल झाली. तरीहि २०२४ सालीं उत्तराखंडानें समान नागरी कायदा केला, तेव्हां मोठा गाजावाजा होऊन जें नवें म्हणून पुढें आलें, त्यांतहि हा जुना दावा जागच्या जागीं ठेवलेला आहे.