विश्लेषण : छातीत जळजळते म्हणून रोज गोळी किती दिवस?

बार्शीच्या बाजारपेठेतील कुठल्याही औषध दुकानापाशी थोडा वेळ थांबले, तर ‘पित्ताची गोळी द्या’ हे वाक्य कानावर पडतेच. चिठ्ठी नसते, तपासणी झालेली नसते. गोळीचे नाव मात्र पाठ असते. कुणी ती वर्षभरापासून घेतो, कुणी पाच वर्षांपासून. छातीतील जळजळ हा बहुतेक वेळा जीवावरचा आजार नसतो आणि त्यावर चांगले उपाय उपलब्ध आहेत. तरीही सवयीने घेतलेली गोळी दोन प्रकारे महागात पडू शकते. जिची गरज नाही ती वर्षानुवर्षे पोटात जाते आणि ज्या दुखण्याकडे वेळीच पाहायला हवे ते तिच्याआड झाकले जाते.

नेमके काय बिघडते?

अन्न पचवण्यासाठी जठरात तीव्र आम्ल तयार होते. जठराच्या आतील अस्तराला ते सोसते, अन्ननलिकेला सोसत नाही. म्हणून दोहोंच्या सांध्यावर स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ही झडप सैल पडली किंवा अवेळी उघडू लागली की आम्ल वर चढते आणि छातीच्या मध्यभागी, बरगड्यांच्या हाडामागे जळजळ सुरू होते. आंबट पाणी घशाशी येते. काहींना रात्री खोकला येतो, सकाळी आवाज बसतो. पोट सुटणे, गरोदरपण, जड ओझे उचलणे, कमरेला घट्ट पट्टा या साऱ्यांनी पोटातील दाब वाढतो आणि आम्ल वर ढकलले जाते. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग पोट आणि छाती यांमधील पडद्यातून वर सरकलेला असतो. म्हणजे आम्ल जास्त झाले असे दर वेळी नसते; अनेकदा ते चुकीच्या जागी पोहोचलेले असते.

‘पित्त’ या एका शब्दात किती आजार?

मराठीत पित्त हा शब्द फार मोठे ओझे वाहतो. छातीत जळजळले की पित्त झाले, अंगावर गांधी आल्या की पित्त उठले, डोके दुखून उलटी झाली की पित्त पडले. पहिला त्रास आम्लाचा आहे. दुसरा बहुधा ॲलर्जीचा असतो. तिसरा अनेकदा अर्धशिशीचा असतो, त्यात उलटी हे डोकेदुखीचे कारण नसून तिचेच एक लक्षण असते. आधुनिक वैद्यक ज्याला पित्त म्हणते तो रस यकृतात तयार होतो. रिकाम्या पोटी उलटी झाल्यावर जे पिवळे, कडू पाणी पडते ते हे. तिन्ही त्रासांवर एकच गोळी मागितली जाते आणि एकासाठीच ती लागू पडते. म्हणून डॉक्टरांकडे किंवा दुकानात ‘पित्त झाले’ एवढेच न सांगता कुठे, कधी आणि काय होते ते सांगणे हा उपचाराचा पहिला टप्पा आहे.

आपल्या खाण्याचा दोष किती?

ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांना सरसकट आरोपी करण्याचे कारण नाही. तिखट, तेलकट, आंबट, चहा, कॉफी यांपैकी कशाने त्रास होतो हे माणसागणिक बदलते. दोन आठवडे वहीत नोंद ठेवली, तर आपला शत्रू कोण ते कळते. सगळेच सोडून फिके जेवत राहण्याची गरज नसते.

पदार्थाइतकेच महत्त्व वेळेला आणि मापाला आहे. बार्शी ही भगवंताची नगरी. एकादशीचा उपवास आणि द्वादशीचे पारणे हे इथल्या घरांच्या अंगवळणी पडलेले. मात्र दिवसभर चहावर काढून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वडे, शेंगदाणे यांवर ताव मारला, तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण पोटाला भोवते. तुडुंब भरलेले जठर झडपेवर दाब टाकते, तेलकट अन्न त्यात जास्त वेळ रेंगाळते. उन्हाळ्यात दुकान बंद करून रात्री दहा-अकराला जेवणे आणि लगेच गादीवर पडणे हेही तसेच.

तंबाखू आणि दारू यांचा दोष मात्र ठाम आहे. निकोटिनने झडप सैल पडते. दाताला लावलेल्या मिश्रीतही तंबाखूच असते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ या समजुतीत अनेक बायकांचा त्रास दडलेला असतो.

औषधाविना आराम कसा मिळतो?

रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. जेवण थोडे कमी, दिवसात विभागून घ्यावे. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. काही किलो कमी झाले तरी फरक पडतो. रात्रीचा त्रास असलेल्यांनी पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवून फक्त मान वाकते, पोट दुमडते आणि उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्याने जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे आम्ल वर यायला अडचण होते.

थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम पुढे आम्ल वाढवतात. पाण्यात फसफसणारी पूड किंवा खाण्याचा सोडा आम्ल लगेच मारतो. मात्र त्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो रोजचा इलाज करू नये.

कोणती गोळी काय करते?

चघळायच्या गोळ्या आणि पातळ अँटासिड तयार झालेले आम्ल मारतात. गुण मिनिटांत येतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो. क्वचित होणाऱ्या त्रासाला ते पुरेसे असतात.

दुसरा गट आम्ल कमी तयार होऊ देणारा. त्यातील रॅनिटिडिन अनेक वर्षे घराघरांत होते. त्यात एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असलेला घटक आढळल्याने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून मागे घ्यायला लावले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले. याच गटातील फॅमोटिडिन वापरात आहे.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी गट ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल यांचा. आम्ल तयार करणारे पंपच ते बंद करतात. हे पंप जेवणाने जागे होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवणानंतर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर निम्मा उपयोग वाया जातो. ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते. नेहमीचा क्रम चार ते आठ आठवड्यांचा असतो.

आपल्याकडे ज्या कॅप्सूलच्या नावात ‘डीएसआर’ असते, तिच्यात पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध असते. हृदयाच्या लयीवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डॉम्पेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच वापरावे, छातीतील जळजळीसाठी वापरू नये, असे सांगितले. आपल्याकडे तीच कॅप्सूल महिनोन्महिने घेतली जाते आणि घेणाऱ्याला त्यात दोन औषधे आहेत याचाही पत्ता नसतो.

रोज घेतली तर काय बिघडते?

ही औषधे वाईट नाहीत. ज्यांच्या अन्ननलिकेला खोल जखमा आहेत किंवा ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या अथवा वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका आहे, त्यांना ती दीर्घकाळ लागतात. अशांनी बातमी वाचून गोळी बंद करू नये. विनाकारण वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मात्र ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. शाकाहारी माणसांत ब-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असते, हे लक्षात घ्यायला हवे. आतड्यांचे काही संसर्ग, हाडे मोडणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी यांच्याशीही संबंध दिसला आहे. सगळ्याच बाबतींत गोळी हेच कारण असे सिद्ध झालेले नाही.

गोळी एकदम सोडली की काही आठवडे आम्ल उसळते आणि ‘आता गोळीशिवाय चालणारच नाही’ असे वाटते. ते बहुधा आजार परतल्याचे लक्षण नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करत, एक दिवसाआड घेत, मधल्या काळात अँटासिडचा आधार घेत ती सोडता येते.

जळजळ की हृदयविकार?

‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, ही गोष्ट गावोगावी ऐकू येते. छातीवर दडपण, घाम, दम लागणे, डाव्या हाताकडे, पाठीकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी वेदना यांपैकी काहीही असेल तर गोळी शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात झटका नुसत्या अपचनासारखाही जाणवतो. अँटासिड घेतल्यावर बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गिळताना अडकत असेल तर?

इथे बार्शीचा स्वतःचा अनुभव देशाच्या उपयोगी पडला आहे. १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसले नाहीत. ते गावोगावी गेले, लोकांना धोक्याच्या खुणा समजावून सांगितल्या आणि कुणाला असा त्रास आहे का, हे विचारत राहिले. काही वर्षांत या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. महागड्या यंत्रापेक्षा आधी माहिती आणि विचारपूस कामी आली.

हाच धडा छातीतील जळजळीला लागू होतो. अन्ननलिकेचा कर्करोग आपल्या भागाला अनोळखी नाही, आणि तंबाखू व दारू ही त्याची मोठी कारणे आहेत. घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, या खुणांवर गोळी हे उत्तर नाही. त्यांना दुर्बिणीची तपासणी लागते. भाकरी अडकते म्हणून दुधात कुस्करून खाणे आणि पुढे पेजेवर येणे, यात जे महिने जातात तेच उपचाराचे महिने असतात.

मग करायचे काय?

दोष एकट्या रुग्णाचा नाही. तपासणीसाठी रोजंदारी बुडते आणि गोळी काही रुपयांत मिळते. हिशेब त्याच्या बाजूने बरोबरच असतो. म्हणून हालचाल दुसऱ्या बाजूने व्हायला हवी. औषध विक्रेत्याने गोळी देताना तीनच प्रश्न विचारावेत : किती दिवस घेताय, गिळताना अडकते का, चालताना छाती भरून येते का? एकाचेही उत्तर खटकले, तर डॉक्टरांकडे पाठवावे. गावातील आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तिथे हेच प्रश्न त्या यादीत जोडायला पैसा लागत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावासोबत ती कधी थांबवायची तेही लिहावे.

आणि वाचकांनी घरातील गोळ्यांच्या पाकिटावर एकदा नजर टाकावी. ती कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी सांगितली होती, याचे उत्तर देता येत नसेल, तर पुढचे पाकीट आणण्याआधी डॉक्टरांची भेट घ्यावी.