लॅपटॉप घ्यायचाय? आधी घरातली कामं मोजा

निघोज्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांबलचक आहे, पण प्रश्न तुम्हां-आम्हां सगळ्यांच्याच घरातला, म्हणून त्यातला मुख्य भाग इथे देते.

"हे कंपनीत आहेत, पाळ्या सारख्या बदलतात. मुलगा अकरावी सायन्सला, मुलगी सातवीत. लग्न झालं आणि माझं शिक्षण बारावीवर थांबलं. यंदा मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं आहे. शिवाय चाकणच्या एका लहानशा वर्कशॉपची बिलं टॅलीत भरायचं काम मिळतंय. आठवड्यातून दोनदा तिथे जायचं, बाकीचं घरून. भिशीचे 40 हजार हाती आलेत, त्यातून लॅपटॉप घ्यावा म्हणते. पण मुलगा म्हणतो, 'आई, गेमिंगचा घे, त्याच्यावर सगळंच चालतं.' हे म्हणतात, 'एकदाच काय तो मोठा घेऊ, वरचे वीस-पंचवीस हजार हप्त्यांनी फेडू.' दुकानदाराचं तिसरंच. मला यातलं काही कळत नाही. काय घेऊ?"

ताई, तुम्हाला काही कळत नाही हे मला मुळीच मान्य नाही. कुकर घेताना तुम्ही काय पाहिलंत? घरात माणसं किती, रोज काय शिजतं आणि गॅसच्या शेगडीवर बसेल का, एवढंच ना? लॅपटॉपलाही हीच फूटपट्टी लावायची. पाच माणसांच्या घरात कोणी दहा लिटरचा कुकर आणत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि लिहा: या यंत्रावर कोण, काय, किती वेळ करणार? तुमचं टॅली, विद्यापीठाची पुस्तकं नि व्याख्यानं, बचत गटाचा हिशेब. मुलाच्या क्लासचे व्हिडिओ, प्रकल्प. मुलीचा अर्धा तास. यातल्या एकाही कामाला गेमिंगचं यंत्र लागत नाही. ते बहुधा सव्वादोन-अडीच किलोचं असतं, त्याचा चार्जर विटेएवढा, आणि बॅटरी चटकन उतरते. तुम्हाला ते खांद्यावर टाकून चाकणच्या रिक्षात दाटीवाटीने बसायचंय. महिनाभरात लॅपटॉप घरी राहील आणि तुम्ही मोबाइलवर बोटं दुखवत बसाल. म्हणून वजन आधी बघा. चौदा इंची पडद्याचा साधा लॅपटॉप सव्वा ते दीड किलोत मिळतो, पंधरा-साडेपंधरा इंचीचा दीड ते पावणेदोन किलोपर्यंत जातो. पावशेराचा फरक तो काय, असं वाटेल. पण भाजीची पिशवी रोज वाहणाऱ्या बाईला पावशेर म्हणजे काय ते सांगायला नको.

यावरून एक गोष्ट आठवली. 2007 साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला, धनगरवाड्यावरच्या एका छोट्याशा शाळेत मुलांच्या हाती लॅपटॉप दिले होते. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभर चाललेल्या योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं ते यंत्र जेमतेम दीड किलोचं, उचलायला मूठ असलेलं. उन्हात अक्षर दिसावं असा पडदा, आत पंखा नाही, वीज अगदी थोडी लागणारी. वेगाच्या बाबतीत ते तेव्हाही मागेच होतं. पण ज्यांनी ते बनवलं त्यांनी आधी विचार केला तो मुलाच्या हाताचा, उन्हाचा आणि विजेचा. वेग त्यानंतर. आपणही त्याच क्रमाने विचार करू या.

आतलं सामान, स्वयंपाकघराच्या भाषेत

दुकानदार रॅम, एसएसडी, प्रोसेसर असे शब्द भराभर फेकतो नि आपण माना डोलावतो. घाबरू नका. रॅम म्हणजे ओट्यावरची मोकळी जागा. ओटा लहान असला की चिरायला घेतलं की पोळपाट उचलावा लागतो. टॅली, विद्यापीठाचं पान आणि व्हिडिओ एकदम उघडायचं तर 8 जीबीच्या खाली जाऊ नका. 16 परवडली तर उत्तमच. चार जीबीवर विंडोज सुरू होतं खरं, पण रखडत. आणि एक विचारून घ्या, "पुढे रॅम वाढवता येईल का?" हलक्या यंत्रांत ती पुष्कळदा आतच पक्की जोडलेली असते, मग जे घेतलं तेच शेवटपर्यंत.

एसएसडी म्हणजे कोठीची खोली. 256 जीबी तुम्हाला पुरेल, 512 असेल तर मुलाचीही सोय होईल. स्वस्त यंत्रांत एसएसडीऐवजी 'ईएमएमसी' नावाचं हळू चालणारं साठवण असतं, तेही 64 जीबीचं. ते घेऊ नका. मी स्वतः पाच-सहा हजार वाचले म्हणून असलं एक घेतलं होतं. वर्षाच्या आत विंडोजच्याच नव्या भरण्यांनी कोठी गच्च भरली, माझी कागदपत्रं ठेवायला जागा उरेना. ते वाचवलेले पैसे कसले, ते सगळे पैसेच पाण्यात गेले.

प्रोसेसर म्हणजे रांधणारा हात. इंटेलचा आय-थ्री किंवा रायझन-थ्री, जवळच्या पिढीचा, हा तुमच्या कामाला पुरून उरेल. नुसतं वाचायला आणि पत्र टाइप करायला त्याहून साधे एन-मालिकेचे चालतात, पण टॅली आणि मुलाचा अभ्यास दोन्ही आहेत, म्हणून ती काटकसर नको. आणखी एक: क्रोमबुक नावाचे लॅपटॉप स्वस्त नि हलके दिसतात, पण त्यांच्यावर टॅली नेहमीसारखं बसवता येत नाही. तुमच्या कामासाठी विंडोजचाच घ्या. तो 'एस मोड'मध्ये असला तर टॅली बसणार नाही. तो मोड फुकट काढता येतो, दुकानातच काढून घ्या.

दुकानात हात लावून बघा

साडी बोटांत धरून बघितल्याशिवाय आपण घेत नाही. मग इथे का लाजायचं? लॅपटॉप एका हातावर तोला. झाकण उघडा, बिजागरी कुरकुरते का, पडदा लटपटतो का? दोन ओळी टाइप करून बघा. तुमचे निम्मे तास त्या कळांवर जाणार आहेत, त्या मधोमध खाली दबत असतील तर नको. पडदा बाजूने बघा. बाजूने रंग उडाले, अक्षर काळवंडलं, तर तो टीएन जातीचा. आयपीएस मागा, आणि 'फुल एचडी'. हिशेबाचे आकडे बारीक असतात, डोळे आपलेच दुखतात.

बॅटरीचं गणित सोपं आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'वॅट-अवर' असा आकडा असतो. साध्या कामाला लॅपटॉप तासाला सात-आठ वॅट-अवर खातो असं धरा. म्हणजे 42 वॅट-अवरची बॅटरी पाच-सहा तास. "दहा तास चालतो, ताई" या दुकानदारी वाक्यापेक्षा हा भागाकार जास्त खरा.

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात याला महत्त्व आहे. इथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी जाते. नेमके त्याच दिवशी हे घरी, आणि तुमचं काम अडलेलं! लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण भिंतीवरचं वायफाय मात्र बंद पडेल. त्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट कसा जोडायचा हे मुलाकडून आधीच शिकून ठेवा.

विजेचंच आणखी एक. 2010 मध्ये निघोज्यात महिंद्राचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आसपास इतरही आले आणि शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्या भराभर उठल्या. घाईत बांधलेल्या खोल्यांत तीन छिद्रांचं सॉकेट दिसतं, पण अर्थिंग जोडलेलं असतंच असं नाही. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते बहुतेक याचमुळे. अंगावर काढू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आणि लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका; खालची हवेची भोकं बंद होतात, यंत्र तापतं. फोडणीच्या धुरापासूनही लांब ठेवा.

जुना चालेल का?

चालेल, पण पारखून. मोठ्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप नीट करून विकले जातात. त्यांच्या कळा नि बांधणी नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा पुष्कळदा चांगली असते. मात्र तीन गोष्टी बघा. विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, तेव्हा विंडोज 11 रीतसर चालणारंच यंत्र घ्या. इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या खालचं नको. दुसरं, दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट' काढायला सांगा. त्यात बॅटरी मुळात किती भरत होती आणि आता किती भरते, असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करा. तिसरं, जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप शिल्लक नाही ना, हे तुमच्यासमोर चालू करून दाखवायला लावा.

पैशांचं

हप्त्यांबद्दल बोलायचं तर 'बिनव्याजी' या शब्दाला भुलू नका. दुकानात दोनच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती? आणि हप्त्याने सगळे मिळून किती, प्रोसेसिंगच्या पैशांसकट? दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या, मग बिनव्याजी किती ते आपोआप दिसतं. तुमच्या 40 हजारांत बॅग आणि माउसही बसवा. अँटिव्हायरस लगेच विकत घ्यायची गरज नाही, विंडोजमध्ये स्वतःचा असतो. पत्रं नि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस फुकट मिळतं. मराठी टायपिंगलाही पैसे पडत नाहीत, विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झालं. पुण्याच्या सी-डॅकने देशी लिप्या संगणकावर आणण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, त्याची फळं आपल्याला आज फुकट मिळताहेत, ती घ्यावीत.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावरचा सिरियल नंबर यंत्राच्या खालच्या नंबराशी ताडून पाहा. दुरुस्तीचं केंद्र कुठे आहे, यंत्र तिकडे न्यायचं की माणूस घरी येणार, तेही विचारा. बिघाड निघाला नि दुकानदार टोलवू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लक्षात असू द्या.

आणि आता पत्रात न विचारलेला प्रश्न

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैसे तुमच्या भिशीचे, काम तुम्हाला मिळालेलं, परीक्षा तुमची. पण 'कुठला घ्यावा' यावर घरात सगळ्यांचं मत आहे, एक तुमचंच सोडून. मला भीती वाटते ती चुकीच्या यंत्राची नाही. घरात लॅपटॉप येतो तो आईच्या नावाने, दिवसा तो मुलाचा होतो, संध्याकाळी सिनेमाचा, आणि रात्री अकराला भांडी आवरून आई बसते तेव्हा बॅटरी दहा टक्क्यांवर असते. असं मी पुष्कळ घरांतून पाहिलं आहे. मग वर्कशॉपची बिलं थकतात, 'तिला जमलं नाही' असं लोक म्हणतात, आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागतं.

म्हणून एक करा. यंत्र सुरू करताना पहिलं खातं तुमच्या नावाचं उघडा, पासवर्ड तुमचा. मुलांसाठी दुसरं खातं, म्हणजे त्यांच्या खेळात तुमचे हिशेब पुसले जायचे नाहीत. वेळा ठरवून भिंतीवर लावा. मुलगा शाळेत, हे पहिल्या पाळीला, ते दोन-तीन तास तुमचे. ते गहू निवडण्यात घालवू नका. महिन्यातून एकदा हिशेबांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून डब्यात ठेवा.

मुलाला रागवू नका. त्याला सांगा, "आईच्या या यंत्रावर पैसे मिळू लागले की तुझ्यासाठीही बघू." यात रागावण्यासारखं काही नाही, उलट घराचा हिशेब त्याला कळेल. ह्यांनाही हाच कागद दाखवा, कामं लिहिलेला. चिडून बोलण्यापेक्षा लिहिलेला कागद जास्त पटतो, असा माझा संसारातला अनुभव आहे.

सासूबाईंचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. घरात असतील तर त्यांना शेजारी बसवून मोठ्या पडद्यावर एक कीर्तन लावून द्या. घरातलं एक मत आपल्या बाजूला वळलेलं बरं असतं!

आणि हो, दुकानदार बिल फाडताना विचारेल, "नाव कुणाचं टाकू, वहिनी?" तेव्हा मागे वळून ह्यांच्याकडे बघू नका. स्वतःचं नाव सांगा, आडनावासकट.