फटक्यापुरता गडी



हळद शिजवायची वेळ आली की आपण बॉयलरवाल्याला बोलावतो. तो लागवडीला नसतो, खुरपणीला नसतो. आपले काम उरकून पुढच्या गावी जातो. खेळातही असा गडी असतो.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा बॅट-चेंडूचा खेळ आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्याला सहसा बॅट चालवता येत नाही. म्हणून ऐन मोक्याला त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जागी नुसता फटका मारायला ताज्या दमाचा गडी पाठवतात. त्याला म्हणतात पिंच हिटर. ज्याला बसवले तो त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही, तेव्हा हा डाव जपून टाकावा लागतो. १९७३ साली तेथील अमेरिकन लीगने आणखी पुढची पायरी गाठली. चेंडू फेकणाऱ्याऐवजी सामनाभर फक्त फलंदाजी करणारा गडी मान्य केला. ६ एप्रिलला रॉन ब्लोमबर्ग असा पहिला उतरला. दुसऱ्या नॅशनल लीगला हे कायमचे स्वीकारायला २०२२ साल उजाडले!

आपल्याकडे आयपीएलमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. ३१ मार्चला अहमदाबादेत चेन्नईने फलंदाज अंबाती रायुडूला बसवून आपल्या कल्याणचा गोलंदाज तुषार देशपांडे उतरवला. पहिला मान मराठी पोराचा. शुभमन गिल त्याने बाद केला खरा, पण ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या. गुजरातने जखमी विल्यमसनच्या जागी साई सुदर्शन हा फलंदाज आणला आणि सामनाही जिंकला.

या नियमाने अष्टपैलू खेळाडू मागे पडतात, शिवम दुबेसारख्यांना गोलंदाजीच मिळत नाही, असे रोहित शर्मा २०२४ साली बोलला. त्याच हंगामात त्यालाही असे उतरावे लागले, ही गंमत वेगळी.

मला रोहितचे पटते. बॉयलरवाल्याचे भागते, कारण त्याच्याकडे गावोगावची गिऱ्हाइके असतात. आपल्या गावच्या संघात अकरा जण जमवताना नाकी नऊ येतात. तेथे नुसता फटकेबाज कोण पोसणार? आणि निवड चाचणीत दोन्ही येणाऱ्याकडे आधी लक्ष जाते. तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी फक्त बॅटच धरत असेल, तर रोज अर्धा तास चेंडूही टाकायला लावा. सोयाबीन निघालेल्या रानात खेळत असतील तर धसकटे तेवढी आधी वेचून घ्या, पायात घुसतात.