उतारशाळेचा रखवालदार

दिवाळीच्या अंकात ख्रिस्ती श्रद्धेविषयी लिहायला बसले की कोणीतरी म्हणणारच, "अहो, नाताळला अजून अवकाश आहे! तेव्हा लिहा की." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपण प्रत्येक धर्माला पंचांगातला एकेक चौकोन देऊन टाकलेला आहे. त्या चौकोनात त्याने आनंदाने नांदावे, फराळाची ताटे इकडून तिकडे जावीत आणि उरलेले वर्षभर कोणी कोणाला विचारू नये, अशी ही सोयीची वाटणी आहे. पण धर्माची खरी परीक्षा सणाच्या दिवशी होत नाही. सणाच्या दिवशी सगळेच भाविक असतात. सण आटोपला, पाहुणे गेले, रांगोळी पुसली गेली की मग जो साधा मंगळवार उगवतो, त्या मंगळवारी आपली श्रद्धा काय करते, हा प्रश्न मोठा अवघड आहे. तो एकट्या ख्रिस्ती माणसापुढचा नाही. ज्या घरात देवापुढे दिवा लागतो, त्या प्रत्येक घरापुढचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. परळच्या भोईवाड्यात जावे. भोई म्हणजे पालखी वाहणारे, मेणे वाहणारे आणि नदीतळ्यात मासे धरणारेही. त्यांच्या वस्तीचे नाव या भागाला राहिले. पालख्या गेल्या, पुढे गिरण्या आल्या, १९८२च्या संपानंतर त्याही एकेक करून थंडावल्या. पण ओझी वाहण्याचे काम भोईवाड्याने सोडलेले नाही. एका अंगाला १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम., शेजारी वाडियांची बायकामुलांची रुग्णालये, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले टाटा रुग्णालय. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून टाटा विश्वस्तांनी हे रुग्णालय उभे केले. आज बिहारपासून बंगालपर्यंतचे आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातले रोगी हातात तपासणीचे कागद घेऊन इथे उतरतात.

हे लोक येतात आणि राहतात. का राहतात, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. किरणोपचार म्हणजे एका दिवसाचे काम नव्हे. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा, कधी सात आठवडे रोज यावे लागते. प्रत्येक वेळी किरण मिळतात ते थोडी मिनिटेच. पण त्या मिनिटांसाठी गावी परतता येत नाही. औषधांचा उपचार असेल तर बहुधा तीन आठवड्यांनी एक फेरी, अशा कितीतरी फेऱ्या. मग माणसाने या मधल्या दिवसांत राहायचे कुठे? ज्यांना जागा मिळते ते दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत राहतात, नाना पालकर समितीच्या रुग्णसेवा सदनात राहतात. ज्यांना मिळत नाही ते जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर पथारी टाकतात. तिथेच स्टोव्ह, तिथेच औषधाची पिशवी.

टाटा रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. आपण रस्त्यांची नावे वाचतो ती पत्ता शोधण्यापुरती. हे बोर्जेस मूळचे गोव्याचे, धर्माने कॅथलिक, टाटा रुग्णालयातले नामांकित शल्यविशारद आणि पुढे तिथले अधीक्षक. १९६९ साली ते निवर्तले. त्या काळी कर्करोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नसत. रोग झाला म्हणजे मागच्या जन्मीचे किंवा या जन्मीचे काहीतरी बाहेर आले, अशी कुजबुज होई. भांडी वेगळी ठेवली जात. अशा काळात त्या रोग्यांच्या खाटेजवळ उभे राहण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याच्या श्रद्धेचे प्रवचन वेगळे ऐकायची काय गरज?

योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची हकीकत आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. तो त्या आंधळ्याचा हिशेब मांडीत बसत नाही. त्याच्या डोळ्यांकडे वळतो. आपल्या घरात कोणी आजारी पडले की आपण नेमके शिष्यांचे काम करतो. "तंबाखू खात होता ना?", "जागरणे फार करायची हो", "मुलांनी लक्ष दिले नाही." कारणे शोधणे हे वैद्याचे काम आहे आणि तंबाखूशी कर्करोगाचे नाते आहे, हेही खरे. पण खाटेजवळ बसून त्याचा हिशेब रोग्यालाच ऐकवणे हे वैद्यकही नव्हे आणि धर्मही नव्हे.

ख्रिस्ती श्रद्धा ताजी कशी ठेवायची, याचे शास्त्र चर्चने सांगून ठेवले आहे. ईस्टरच्या रात्री कॅथलिक मंडळी हातात पेटती मेणबत्ती घेऊन आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात. वर्षातून एकदा जुना करार नवा करायचा. हा विधी सुंदर आहे. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला लोटणारी गर्दी, सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत-माउलीला वाहिलेले मेणाचे हात आणि मेणाची घरे, यांतही श्रद्धा आहे. आणि त्या गर्दीत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे मोजायला कोणी जात नाही. परंतु बुधवार संपतो आणि गुरुवारची सकाळ होते. मेणाचा हात देवीला वाहून झाला. आता आपला स्वतःचा हात कुठे वाहायचा?

आपल्या मराठी मुलखात या प्रश्नाशी झगडलेली मोठी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९च्या मार्चमध्ये त्यांनी गिरगावच्या चौपाटीजवळ शारदा सदन काढले. एवढे झाल्यावरही त्यांच्या मनाला चैन नव्हते. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांची श्रद्धा आतून पुन्हा जन्मली. त्या नव्या श्रद्धेने त्यांना कुठे नेले? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सांगाडा झालेल्या शेकडो मुलीबायकांना घेऊन आल्या. १८७४ साली त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. केडगावचे मुक्ती सदन असे वाढले. प्रार्थनेइतकीच तिथे माग, शेती आणि छापखान्याची घरघर चाले. हजारभर तोंडांचे जेवण रोज शिजवावे लागे, आणि ते काही एका साक्षात्कारावर शिजत नाही.

दुसरे उदाहरण याहून घरगुती आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. सोवळेओवळे सांभाळीत त्या वेगळ्या राहिल्या, नंतर नवऱ्याकडे आल्या तरी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवून राहिल्या. त्यांच्या मनातली जातीची भिंत पडली ती कोणा धर्मोपदेशकाशी वाद घालून नव्हे. ही बंधने देवाने नाही, माणसाने घातली, असे त्यांच्या मनाने घेतले आणि आता कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे असा त्यांनी निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. आत्मा मात्र आधीच पाण्याच्या एका घोटापाशी पालटला होता. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कित्येक बायकांना तो प्रसंग आपल्या स्वयंपाकघरातला वाटतो, कारण धर्म बदलतो की नाही हे शेवटी माठापाशीच कळते.

इथे एक शंका वाचकांच्या मनात आली असेल आणि ती दडपून उपयोगी नाही. "सेवा ठीक आहे, पण त्या सेवेच्या पोटात धर्मांतराचा हेतू नसतो कशावरून?" काही ठिकाणी तो असे, हे इतिहास नाकारीत नाही. दुबळ्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या भीतीचा सौदा करणे, हे कोणत्याही धर्माच्या नावाने झाले तरी पापच. पण याचा निवाडाही येशूच्या एका गोष्टीत आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला. थांबला तो शोमरोनी. ज्यांना यहुदी लोक परके आणि भ्रष्ट समजत, त्यांच्यातला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. जखमी माणसाला त्याने धर्म विचारला नाही. आणि येशूने आपल्या गोष्टीचा नायक केला तोच मुळी परधर्मी. गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत रात्री खाट मिळालेला रोगी आणि गोव्याच्या डॉक्टराने शस्त्रक्रिया केलेला रोगी, या दोघांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

या गोष्टीतले एक पात्र मात्र कायम उपेक्षित राहते. तो उतारशाळेचा रखवालदार. दुसऱ्या दिवशी शोमरोनी त्याच्या हातावर दोन नाणी ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेने जातो. गोष्ट तिथे संपते. पण जखमा तिथे संपत नाहीत. पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री ताप चढला तेव्हा उठले कोण? चौथ्या दिवशी रोगी चिडचिड करू लागला, जेवणाला नावे ठेवू लागला, तेव्हा कोणी गिळून घेतले? शोमरोन्याचा दिवस एक होता. रखवालदाराचे दिवस अनेक. चित्रकारांनी शोमरोन्याची चित्रे पुष्कळ काढली. रखवालदार दारात उभा असतो, अर्धा अंधारात.

रोजच्या जीवनातली श्रद्धा ही या रखवालदाराची श्रद्धा आहे. टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांना असाच प्रश्न पडला असला पाहिजे. शस्त्रक्रिया, किरण, औषधे, सारे संपल्यावर ज्याला "आता घरी न्या" असे सांगतात, त्या रोग्याचे काय? डेम सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये १९६७ साली अशा रोग्यांसाठी सेंट ख्रिस्टोफर्स उघडले होते. त्याही श्रद्धावंत ख्रिस्ती आणि वैद्यकात मुरलेल्या होत्या. १९८६ साली वांद्र्याला मोत-माउलीच्या शेजारी डिसोझांनी 'शांती अवेदना' सुरू केले. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले ठिकाण. बरे होणार नाहीत हे ठाऊक असलेल्यांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. वेदना कमी करायची, जखम धुवायची, अंग पुसायचे, हात धरून बसायचे. तिथल्या जोगिणी हे रोज करतात आणि उद्याही करतात. यशाची टक्केवारी मांडायला तिथे काही नाहीच.

हे सारे वाचून एखादी गृहिणी म्हणेल, "आम्ही काही रमाबाई नाही. दोन खोल्यांचा संसार, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे!" बाई, सासूबाईंचे गुडघे हीच तुमची उतारशाळा. तेल लावताना मन कुठे असते, एवढाच प्रश्न आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत वर्षाचे धान्य मागितलेले नाही. मागितली आहे ती आजच्या पुरती भाकर. श्रद्धाही तशीच रोजच्या रोज लागणारी वस्तू आहे. कालची शिळी होते आणि उद्याची साठवता येत नाही.

पालखीच्या भोयांना ठरावीक अंतरावर खांदेपालट करावा लागतो. एकाच खांद्यावर सारी वाट कोणी चालू शकत नाही. घरात दीर्घ दुखणे असले की हे फार पटते. सून सहा महिने न बोलता करते, सातव्या महिन्यात तिचा आवाज चढतो आणि सारे म्हणतात, "बदलली!" ती बदललेली नसते, तिचा खांदा कोणी बदललेला नसतो. शेजारच्या घरी जाऊन "आज दुपारी मी बसते, तुम्ही झोपा" असे म्हणणाऱ्या बाईने त्या दिवशीची उपासना पुरी केली, मग ती रोझरी म्हणो वा हरिपाठ.

यंदा घराघरांत कंदील लागतील, करंज्यांचे डबे भरतील. भोईवाड्याच्या पदपथावर कोणी फराळ वाटील. उत्तम आहे, वाटावाच. परंतु ते शोमरोन्याचे काम झाले. रखवालदाराचे काम भाऊबिजेनंतर सुरू होते. तिथे ज्याला मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नाही त्याचा अर्ज भरून देणारा माणूस हवा असतो. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे सांगणारा हवा असतो. रांगेत पोराला धरून उभे राहणारा हवा असतो. एखाद्या कुटुंबाने आठवड्याचा एक वार त्यासाठी नेमला आणि तो वर्षभर मोडला नाही, तर ते व्रतच आहे. त्याला उद्यापनही नको.

परत येताना राहिलेले देईन, असे शोमरोनी सांगून गेला होता. तो परत आला की नाही, हे गोष्टीत नाही. रखवालदाराने वाट पाहिली असेल. पण दिवसभर नव्हे. त्याला पाणी तापवायचे होते.