अर्ध्या हळकुंडाने पिवळे

आषाढ लागला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी वर्षभर वाचक विचारतात ते बिलाच्या नमुन्याविषयी, टॅलीविषयी, गोदामातील नोंदींविषयी. या दिवसांत मात्र बहुतेक पत्रांत एकच विवंचना असते: मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परगावी निघाली, लॅपटॉप कोणता घ्यावा? किंमत आवाक्यात हवी, ओझे कमी हवे, बॅटरी दिवसभर टिकावी. आणि पत्राच्या शेवटी, काहीशा नाराजीने लिहिलेले एक वाक्य असते की चिरंजीवांना त्यावर गेमही खेळावयाचे आहेत. यंदा हाच प्रश्न माझ्या बहिणीच्या घरी उभा राहिला आणि त्यात माझे दोन रविवार गेले. उत्तर द्यावयास उशीर झाला तो त्यामुळे. आता त्या घरी जे घडले तेच, त्यांच्या अनुमतीने, सांगतो.

दाजींची सांगलीत हळदीची अडत आहे. पॉलिश चढवलेले हळकुंड वरून किती सुरेख दिसते, हे त्या बाजारात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दाजी ढिगाच्या वरच्या मालाकडे पाहतच नाहीत. आत हात घालतात, तळचे हळकुंड काढतात, मोडतात, आतील रंग निरखतात आणि मगच सौद्यात बोलतात. असा माणूस लॅपटॉपच्या दुकानात गेला की केवळ एकच प्रश्न विचारतो, "शेवटचा भाव काय?" याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. आपल्या बहुतेक व्यापारी घरांत हेच घडते. माल ओळखण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची, पण ओळखीच्या बाजाराबाहेर पाऊल पडले की ती पेढीवरच राहते.

भाच्याला पुण्यात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. त्याने कागदावर एका यंत्राची माहिती उतरवून आणली होती. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स, १४४ हर्ट्झचा पडदा, किंमत १,१८,०००. दाजींच्या मनातील आकडा पन्नास हजारांचा. भाच्याचे म्हणणे असे की अभ्यासालाच एवढे लागते. माझ्याकडे दोघेही साक्षीदार म्हणून पाहत होते.

मी प्रथम त्या कागदावरील नावाकडे वळलो. लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०६० ही चिप निर्मात्याच्याच तपशिलाप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालविता येते. नाव तेच, डब्यावरील चिकटपट्टी तीच; पण पातळ यंत्रात तिला थोडी वीज मिळते आणि जाड, मोठ्या पंख्यांच्या यंत्रात भरपूर. खेळातील वेग त्याप्रमाणे बदलतो. कित्येकदा दुबळ्या नावाची पण भरपूर वीज मिळणारी चिप मोठ्या नावाच्या उपाशी चिपेच्या बरोबरीस येते. दुकानदाराला वॅट विचारले तर तो बहुधा दुसऱ्या विषयाकडे वळतो. आम्ही ज्या पहिल्या दुकानात गेलो तेथे तर विक्रेत्याने हसून सांगितले, "साहेब, ४०६० म्हणजे ४०६०." दाजी बाहेर पडताना म्हणाले, "म्हणजे राजापुरीच्या नावाखाली काहीही खपवावे, तसेच की हे!" त्या क्षणापासून त्यांना या खरेदीत रस वाटू लागला.

बॅटरीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक फसगत तेथेच होते. जाहिरातीतील 'बारा तास' हा आकडा बाजूला ठेवावा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. ती तपशिलात छापलेली असते. कोठीत धान्य किती आहे ते वॅट-तास सांगतात, आणि घरात रोज शिधा किती लागतो ते वॅट. साठ वॅट-तासांची बॅटरी असलेले यंत्र लेखन-वाचन करताना पंधरा वॅट खात असेल, तर चार तास. तेच यंत्र आठ वॅटवर भागवीत असेल, तर सात तासांहून अधिक. आणि खेळ सुरू केला, सत्तर वॅट जाऊ लागले, तर तास भरण्यापूर्वीच कोठी रिकामी. शिवाय गेमिंगची यंत्रे चार्जर काढताच आपला वेग स्वतःहून कमी करतात, कारण बॅटरीला एवढी वीज एकदम देता येत नाही. म्हणजे 'गेमिंग' आणि 'बॅटरीवर' ही दोन सुखे एका वेळी मिळत नाहीत, मग किंमत दीड लाख मोजा की दोन लाख. हे एकदा मनाशी नीट धरले की अर्धा गोंधळ मिटतो. (कामानिमित्त विमानाने फिरणाऱ्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीवाचून नेता येते. म्हणूनच मोठ्या यंत्रांचीही बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते.)

ओझ्याविषयी फार लिहीत नाही. गेमिंग यंत्र सव्वादोन-अडीच किलोचे आणि त्याचा विटेएवढा चार्जर निराळा. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून वर्गात रोज तीन किलो वाहणार कोण? आठ दिवसांनी ते यंत्र खोलीतच राहते आणि मुलगा वर्गात मोबाईलवर टिपणे घेतो.

आता खरी अडचण. कागद बाजूला ठेवून मी भाच्याला गच्चीवर नेले आणि विचारले, "हे अभ्यासाला लागते की खेळाला?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, दोन्हीला. पण खेळाचं बाबांना सांगितलं तर काहीच मिळणार नाही." पहिल्या वर्षाला सी, पायथॉन आणि थोडे आरेखन. त्याला महागडे ग्राफिक्स लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. मी त्याला एवढेच म्हटले की तू सांगितलेस तर मी तुझ्या बाजूने बोलेन, आणि न सांगितलेस तर दाजींनी विचारताच मला खरे सांगावे लागेल. रात्री जेवणानंतर त्याने सांगितले. दाजी रागावतील ही माझी अपेक्षा होती, ते केवळ म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगायचंस." पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्याने मुलाची मान खाली गेली.

प्रश्न विचारला तो त्याच्या आजींनी. "कोणता खेळ?" त्याने सांगितले: मोटारींच्या शर्यतीचा, फुटबॉलचा आणि एक बंदुकीचा. आजींनी यशोधर राजाची कथा काढली. राजाने जिवंत प्राण्याचा बळी नाकारला, पण मातेच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा कापला, आणि त्या पिठाच्या कोंबड्यासाठी दोघांना किती जन्म भोगावे लागले! आपल्या घरांतून ही कथा सर्वांना माहीत असते. पण ती संगणकाच्या पडद्याला लावलेली मी प्रथमच ऐकली. भाचाही मागे हटला नाही. "आजी, बुद्धिबळात प्यादी मारतो तेव्हा?" आजी म्हणाल्या, "प्यादं मारताना रक्त बघून आनंद होतो का रे?" त्यावर तो विचारात पडला. मीही पडलो. भावहिंसा म्हणजे काय हे आपण पर्वात प्रवचनांतून ऐकतो. ती नेमकी कोठे सुरू होते हे सांगणे मला तरी अवघड वाटते. मुलाच्या मनात त्या वेळी वैर असते की केवळ नेम साधण्याची चुरस, हे बाहेरून कसे कळावे? सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही, कारण बंदीने खेळ थांबत नाही, लपतो. आणि लपविण्यात काय जाते हे आम्ही तासाभरापूर्वीच पाहिले होते. शेवटी भाचाच म्हणाला, की दशलक्षणाचे दहा दिवस बंदुकीचा खेळ उघडणार नाही. आजींनी "बघू," एवढेच म्हटले.

यानंतर निवड सोपी झाली. शेजारच्यांनी ॲपलचे यंत्र सुचविले. ते हलके असते, बॅटरीही उत्तम. पण अनेक खेळ त्यावर येत नाहीत आणि टॅली त्यावर थेट चालत नाही. सुटीत आलेला मुलगा पेढीवर बसणार असेल तर याचा विचार हवाच. आम्ही मधला मार्ग पाहिला: वेगळी ग्राफिक्स चिप नसलेले, पण प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेले यंत्र. रायझनच्या काही प्रोसेसरांत ७८०एम नावाचे ग्राफिक्स येते. शर्यतीचे आणि फुटबॉलचे खेळ चित्राची प्रत थोडी उतरवून त्यावर चांगले चालतात. अट एक, की सोळा जीबी स्मृती दोन मार्गांनी जोडलेली असावी. एकच पट्टी असेल तर असे ग्राफिक्स निम्म्या दमाने चालते, आणि स्वस्त यंत्रांत नेमकी एकच पट्टी टाकलेली असते. स्मृती बोर्डावर कायमची डाखलेली असेल, तर पुढे वाढविता येणार नाही. तेव्हा आठ जीबीवर समाधान मानू नये.

दुसऱ्या दुकानात तसे यंत्र मिळाले. दीड किलोच्या आत, पंचाहत्तर वॅट-तासांची बॅटरी, हातात मावेल एवढा ६५ वॅटचा चार्जर, किंमत ७२,९९०. शेजारीच दिसावयास अगदी तसेच दुसरे यंत्र आठ हजारांनी स्वस्त होते. दाजींनी खिशातून मोबाईल काढला, त्यातील हळदीच्या नमुन्याचे छायाचित्र दोन्ही पडद्यांवर उघडावयास सांगितले, आणि मोबाईल मध्ये धरला. स्वस्त पडद्यावरची हळद फिकी, पिठूळ दिसत होती. "हा माल माझा नाही," ते म्हणाले. तपशील पाहिला तर त्या पडद्याची रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे प्रचलित एसआरजीबी रंगांपैकी सुमारे दोन-तृतीयांशाहूनही कमी. मला हे तपशिलात शोधावे लागले; त्यांनी ते डोळ्यांनी पकडले. वाचकांनीही दुकानात जाताना ज्या वस्तूचा रंग आपण रोज पाहतो तिचे छायाचित्र बरोबर न्यावे, मग ते साडीचे असो वा सोन्याचे.

बिल करताना दाजी सवयीने म्हणाले, "पेढीच्या नावाने करा, जीएसटी नंबर सांगतो." अठरा टक्क्यांनी त्या किमतीत अकरा हजारांहून थोडा अधिक कर होता. पेढीच्या बिलावर तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता झाला असता. विक्रेता टंकू लागला. भाचा हळूच म्हणाला, "पण बाबा, लॅपटॉप तर माझा आहे ना?" व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराचीच वजावट मिळते, घरगुती वापराच्या नाही, हे मी सांगावयास हवे होते; वर्षानुवर्षे पेढ्यांचे हिशेब पाहणारा मी, आणि मी गप्प राहिलो होतो. दाजींनी मुलाकडे पाहिले, मग विक्रेत्याला म्हणाले, "नाव बदला. त्याचं घाला." परत येताना मोटारीत कोणी त्याविषयी बोलले नाही.

भाद्रपदात, पंचमीनंतर तिसऱ्या दिवशी, पुण्याहून भाच्याचा फोन आला. माझ्या मनात आले ते वेगळेच. तो विचारीत होता, "मामा, बॅटरी ८० टक्क्यांवर जाऊन थांबते. बिघडली का?" बिघडली नव्हती. यंत्र दिवसभर चार्जरला जोडलेले राहिले तर बॅटरी लवकर झिजते, म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा मीच सेटिंगमध्ये घालून ठेवली होती. "वसतिगृहात असेपर्यंत तशीच राहू दे," मी सांगितले, "गावी यायच्या आदल्या रात्री तेवढी शंभरावर कर."